स्टेरिंगला बांधलेली चिंधी

आमच्या घरात अप्पा मनापासून बोलायचे ते फक्त अण्णाशी. बाकी आम्ही तिघी बायका, माय, शांताअक्का आणि मी. आमच्या वाट्याला 'व्हय', 'न्हाई' आणि 'वाढ' एवढे तीन शब्द. अप्पांनी वीस वर्षं ट्रक चालवला. गुलबर्ग्याच्या डाळमिलांतली तूरडाळ मद्रासला पोचवायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन यायचं. कंबर धरली तेव्हा ट्रक सोडून ते आमच्या गावी, खजुरीला आले आणि चार एकरात जोंधळा नि तूर पिकवायला लागले. पण शेताबद्दल चार वाक्यं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बोलायचे ते घाटातल्या वळणांचं, चढावर धाप टाकणाऱ्या इंजिनाचं, आणि तेही माणिकअण्णाशी. रात्री जेवायला बसले की बापलेकांचं सुरू व्हायचं. हातातली भाकरी हातातच राहायची आणि माय चुलीपासून म्हणायची, "आधी गिळा की दोघंबी. गाडी कुटं पळून जायली न्हाई." मला अण्णाचा हेवा वाटायचा. खोटं कशाला सांगू, चांगला पोट दुखेस्तोर वाटायचा. अप्पांनी आपल्याशीही बसून बोलावं म्हणून मी वयाच्या सोळाव्या वर्षी गाडीखाली शिरायला शिकले. गावातल्या बायका मायला म्हणायच्या, पोरगी हाताबाहेर गेली तुझी. मायलाही तसंच वाटायचं, पण अण्णापुढं तिचं काही चालायचं नाही.

घर तीन खोल्यांचं होतं, खाली शहाबादी फरशी. पलीकडे पिठाची गिरणी होती आणि तिचं इंजिन सकाळपासून पुकपुक करायचं. ते बंद पडलं की आम्ही सगळे एकदम मान वर करून बघायचो, इतकी त्या आवाजाची सवय. स्वयंपाकघरात दोरीच्या शिंक्यावर कडक भाकऱ्यांची चवड असायची. शेंगाचटणी आणि करडईचं तेल घेतलं की जेवण झालं, त्यावर कुणाची तक्रार नसायची. सणाला मात्र माय हुग्गी करायची, सोललेल्या गव्हाची आणि गुळाची. ती शिजायला लागली की वास थेट अंगणातल्या पत्र्याच्या शेडपर्यंत जायचा. त्या शेडमध्ये अण्णाची गाडी होती.

गाडी गडद हिरवी, दारावर पांढऱ्या रंगात सतराचा आकडा. त्यामुळं गावात तिचं नावच सतरा नंबर पडलं. कुणा मोठ्या घरच्या पोरानं ती शर्यतीसाठी बनवून घेतली होती. इंजिन वाढवलेलं, कार्बोरेटर एकाचे दोन केलेले, मागची सीट काढून टाकलेली. हैदराबादच्या बाजूला कुठंतरी त्यानं ती झाडावर घातली आणि तिचं तोंड पुन्हा बघितलं नाही. अण्णा तेव्हा गुलबर्ग्याला मक्बूल उस्तादांच्या गॅरेजात शिकत होता. दीड वर्षं त्यानं ती गाडी खिळ्या-खिळ्यानं उभी केली, आणि ती सुरू झाली त्या दिवशी उस्ताद म्हणाले, "तेरे हात की है, ले जा." अण्णा ती चालवत खजुरीला आला तेव्हा अप्पा शेतातून पळत आले होते. कंबर धरलेला माणूस पळत आला. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, तसाच ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करू नको. चालू दे जरा." त्या दिवशी अप्पा जितके खूष दिसले तितकं खूष मी त्यांना अक्काच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आता हौसिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आमच्याकडं सगळे हौसिंगच म्हणायचे. इंजिनाची ताकद चाकांना वाटून द्यायचं काम त्याचं. आत दातांची चक्रं असतात आणि ती तेलात बुडालेली पाहिजेत. ते तेल जाड, काळपट, नव्वद नंबरचं. तेल नसेल तर चक्रं एकमेकांना खातात, तापतात आणि शेवटी धरून बसतात. मग चालत्या गाडीची चाकं जागच्या जागी बांधली जातात. आता माझ्या मुलाची गाडी काही कमी-जास्त झालं की पुढच्या काचेखाली दिवा लावून सांगते, बाईच्या आवाजात बोलतेसुद्धा. तेव्हा असलं काही नव्हतं. तेव्हा चिंधी होती.

चिंधीची पद्धत अप्पांची, ट्रकवाल्यांची. गाडीतलं कुठलंही तेल काढलं की ते परत भरेपर्यंत स्टेरिंगला चिंधी बांधायची. मग गाडी कुणाचीही असो, किती का घाई असो, चिंधी दिसली की किल्ली लावायची नाही. "तेल काढलं की पैले चिंधी, मग बिडी," असं अप्पा म्हणायचे. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांदेखत एका क्लीनरनं गेअरबॉक्स रिकामा केला आणि सावलीला झोपी गेला, दुसऱ्यानं तोच ट्रक काढला, असं काहीतरी घडलं होतं. ते सांगताना अप्पांचा आवाज बदलायचा. अण्णा अ-आ-इ शिकायच्या आधी चिंधी बांधायला शिकला असेल.

अक्का त्या वेळी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर करजगीला. पहिलंच बाळंतपण, आणि दिवस भरायला तीन आठवडे अवकाश होता. नवरात्र चाललेलं. आमच्या भागात खंडेनवमीला घरातलं सगळं हत्यार पूजेला मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आणि आमच्या घरात त्याबरोबर अण्णाचे पाने, जॅक, हातोडी. माय कांबळं अंथरून त्यावर सगळं ओळीनं लावायची, हळद-कुंकू वाहायची. एकदा मांडलं की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईस्तोर त्यातली एक सुईसुद्धा उचलायची नाही. गाड्यांचीही पूजा व्हायची, आणि अप्पांचा नियम असा की पूजेच्या आधी गाडीतलं जुनं तेल काढायचं. वरसाची घाण पोटात ठिऊन देवापुढं उभी करायची का, म्हणायचे. अप्पा अष्टमीला करजगीला गेले होते, अक्काच्या सासरच्यांना दसऱ्याचं बोलावणं करायला. जाताना अण्णाला म्हणाले, "हौसिंगचं तेल बदलून ठिव. सकाळच्याला येतो."

अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते काम काढलं. मागची बाजू जॅकवर घेतली, दगड लावले. अण्णानं पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आज तू खोल." हौसिंगला दोन बुचं असतात, वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून काढायचं. मी खालच्याला हात घातला तसा अण्णा हसायला लागला आणि उस्तादांचा आवाज काढून म्हणाला, "पैले उप्पर का खोलो बेटा. उप्पर का नै खुला तो भरेंगे कां से?" मग वरचं खोललं, मग खालचं. काळं तेल जाड धारेनं परातीत पडायला लागलं. बुचाच्या टोकाला लोहचुंबक होतं, त्यावर लोखंडाची बारीक लव जमली होती. अण्णानं ती बोटानं पुसून दाखवली. "हे बघ, वरीसभराची झीज." मग आम्ही आत घासलेट ओतून हौसिंग धुऊन काढलं, दोनदा. आत एक थेंब तेल उरलं नव्हतं. चुलीवरचं भांडं घासावं तसं ते आम्ही घासलं होतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान.

मग अण्णानं आळंदहून आणलेला नवा डबा फोडला, वास घेतला आणि त्याचं तोंड उतरलं. "याला वासच न्हाई." त्या गाडीचं हौसिंग शर्यतीचं, त्यात दोन्ही चाकांना सारखी ओढ देणाऱ्या चकत्या बसवलेल्या. त्यांना साधं तेल चालायचं नाही, वेगळं लागायचं, नाक धरावं असा उग्र वास असणारं. दुकानदारानं साधंच दिलं होतं. अण्णा म्हणाला, "उद्या उस्तादांच्या गॅरेजात पूजा हाय. जातो, तितून आणतो. आपले पाने तर आता माय मांडून बसल. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की भरू. तवर कोन चालवायलंय?" त्यानं दोन्ही बुचं बसवली, गाडी खाली घेतली. अप्पांच्या जुन्या लुंगीची चिंधी मीच फाडून दिली. त्यानं ती स्टेरिंगला दोन गाठी मारून बांधली. माय आत हुग्गीचे गहू सडत होती, तिनं काही बघितलं नाही. बघितलं ते मी एकटीनं.

नवमीला सकाळच्या पहिल्या बसनं अण्णा गेला. मी गाडी धुतली, पुसली, पुढं रांगोळी काढली. माझी मैत्रीण सरू गाडी बघायला येणार होती, तिला गाडी नवरीसारखी दाखवायची असं माझ्या डोक्यात. झेंडूच्या माळा बॉनेटला घातल्या, आरशांना घातल्या, आणि एक लहान माळ उरली. ती स्टेरिंगला शोभेल म्हणून मी दार उघडलं. तिथं ती चिंधी, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. माळेशेजारी ती फारच ओंगळ दिसायला लागली. मी गाठी सोडल्या, चिंधी परकराच्या नेफ्यात खोवली आणि तिच्या जागी माळ बांधली. पूजा झाली की परत बांधू, एवढंच मनात होतं. कुणी मला सांगितलं नाही, कुणी बोललं नाही, मी माझ्या हातानं सोडली. पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली. सरू आली, आत डोकावली, छान हाय गं म्हणाली. आणि मग आम्ही दोघी दसऱ्यासाठी आपट्याची पानं आणायला माळावर गेलो. चिंधी नेफ्यातच राहिली. मला तिची आठवणसुद्धा नव्हती.

पुढचं मी मायकडून ऐकलं. अप्पा करजगीहून परतले, गाडी नटलेली बघून त्यांनी विचारलं, तेल झालं का. माय म्हणाली, "काल सांजच्याला बसले व्हते दोघं. समदं काढून, धुऊन केलेत." तासाभरात अक्काच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुईण आली, तिनं पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "बाळ आडवं हाय. माज्या हातचं न्हाई हे. आळंदला न्या, आत्ता न्या." गावातली एकुलती जीप तुळजापूरला गेलेली. अप्पांनी मायला सांगितलं गोधडी घे, आणि गाडीचं दार उघडलं. माय मला पुढं कैक वेळा म्हणाली, तुज्या अप्पानं आदी स्टेरिंगकडं बघितला, मगच किल्ली लावला. एवढ्या घाईत त्यांनी बघितलं होतं. त्यांना झेंडूची माळ दिसली.

आम्ही माळावर होतो. खाली रस्त्यावर सतरा नंबर दिसली, धूळ उडवत आळंदच्या बाजूला. सरू म्हणाली, तुजा अण्णा आला वाटतं. अण्णा तर गुलबर्ग्याला. आणि मग तो आवाज आला. आधी बारीक शीळ घातल्यासारखा, मग जात्यात दाणा न टाकता नुसताच दगडावर दगड फिरावा तसा. मला तो आवाज ओळखीचा नव्हता, पण तो कशाचा असणार हे मला लगेच कळलं. माझा हात आपोआप नेफ्याकडं गेला. पानांचा भारा तिथंच टाकून मी उतारावरून पळत सुटले. ओरडलेही असेन. एवढ्या लांबून कुणाला ऐकू जाणार? गाडी वळणाआड गेली आणि मी त्या रस्त्यानं पळत राहिले. चप्पल कुठं निसटली कळलं नाही.

तीन-चार मैल तरी गेले असेन. गाडी रस्त्यावर आडवी झालेली, मागची चाकं फरफटल्याचे काळे पट्टे, आणि हौसिंगमधून धूर. अप्पा गाडीखाली पालथे पडले होते. बाहेर आले तेव्हा त्यांचा उजवा तळवा भाजून पांढरा पडलेला. त्यांनी हौसिंगला हात लावून बघितला होता. मला बघून म्हणाले, "कोरडं हाय गं. आत तेलच न्हाई." एवढंच म्हणाले, आणि ते ओरडून नाही, एखाद्या गोष्टीवर विश्वास बसत नाही तसं म्हणाले. कडुलिंबाच्या सावलीत गोधडीवर अक्का होती आणि माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. अक्का कण्हत नव्हती, नुसता माझा हात धरला तिनं आणि सोडला नाही. आम्ही रस्त्याकडं बघत बसलो. पण ती खंडेनवमीची दुपार. सगळ्या तालुक्यातल्या गाड्या, ट्रक, ट्रॅक्टर दारात हार घालून उभे, पूजा झालेली गाडी त्या दिवशी कोण हलवणार? बसही डेपोत पूजेला. कितीतरी वेळ त्या रस्त्यावर एक सायकलसुद्धा आली नाही. शेवटी अप्पा शेताशेतातून पळत गेले आणि एकाची बैलगाडी घेऊन आले.

आळंदच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अक्का वाचली. मुलगा होता. तो रडलाच नाही. मी तोंड बघितलं त्याचं, नाक अगदी अप्पांसारखं होतं.

अण्णाला स्टँडवर कुणीतरी सांगितलं असावं. तो गुलबर्ग्याच्या बसमधून उतरून तसाच आला, बगलेत तेलाचा डबा. अप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, हाताला फडकं गुंडाळलेलं. त्यांनी वर बघितलं.

"तेल काढलास आन् चिंधी बांधला न्हाईस?"

"बांधलो व्हतो, अप्पा."

"मी बघितलो. न्हवती."

"देवाशपथ बांधलो व्हतो. सुमीला इचारा, तिनंच तर फाडून दिली."

अप्पांनी माझ्याकडं मान वळवली. "सुमे?"

माझं नाव त्यांनी इतक्या हळू आवाजात कधी घेतलं नव्हतं. चिंधी तेव्हाही माझ्या नेफ्यात होती, पोटाला तिची गाठ लागत होती. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. आत अक्का पडलेली, माय भिंतीला डोकं टेकून बसलेली, आणि त्या सगळ्याचं कारण मी आहे असं अप्पांसमोर म्हणायचं कसं? मी म्हणाले, "मी बघितले न्हाई."

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. त्यानं मला खोटी म्हटलं नाही. हातातला डबा त्यानं पायरीवर ठेवला. अप्पा उठले आणि त्याच्या बाजूनं आत निघून गेले. ते ओरडले असते, त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ते अण्णाशी बोलले नाहीत. मी घरी आल्यावर चिंधी न्हाणीच्या चुलीत घातली. जुनं कापड, तेलानं भिजलेलं, भस्सकन पेटलं. दसऱ्याला शेजारचे सोनं द्यायला आले, मायनं दार लावून घेतलं.

आमच्याकडं एक म्हण आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. माझ्या घरात ती खरी झाली आणि चोर ताटाला ताट लावून जेवत होता. अण्णा दोन महिने घरात राहिला. रोज जेवताना काहीतरी विषय काढायचा. अप्पा, त्या ट्रकचं इंजन आज ऐकलात का. अप्पा ताटात बघून जेवायचे. माय मध्येच उत्तर द्यायची, भलतंच काहीतरी, आणि ते ऐकवत नसे. मग एक दिवस अण्णा हैदराबादला गेला, कुठल्यातरी गोदामावर वॉचमन झाला. पाना पुन्हा हातात धरला नाही. उस्तादांनी दोनदा माणूस पाठवला, हा गेला नाही. सतरा नंबर बैलांनी ओढत घरी आणली होती, ती अप्पांनी भंगारवाल्याला उचलून नेऊ दिली. अक्काला नंतर दोन मुली झाल्या, पण भाऊबिजेला तिनं अण्णाला कधी ओवाळलं नाही. ती गेली तेव्हाही तिच्या मनात तेच होतं, माझ्या भावाच्या आळसानं माझं लेकरू गेलं.

आणि आता जे सांगायला मला सगळ्यात जड जातंय ते सांगते. अण्णा गेल्यावर अप्पा जेवताना माझ्याशी बोलायला लागले. आधी एखादं वाक्य, मग चार, मग रोज. घाटातली वळणं, मद्रासचा रस्ता, पाऊस पडताना ब्रेक कसा मारायचा. माझं लग्न आळंदलाच झालं, तरी दर सोमवारी बाजाराला आले की ते माझ्याकडं यायचे आणि ओसरीवर बसून तासभर बोलायचे. जे मला हवं होतं ते मला मिळालं. अण्णाच्या वाट्याचं बोलणं मी अकरा वर्षं बसून ऐकलं, आणि लाज वाटते म्हणायला, पण मला ते आवडायचं. पुढं मी अंगणवाडीची बाई झाले, तिथल्या पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवायची. घरी येऊन अप्पांना चहा द्यायची आणि पुढची गोष्ट ऐकायची.

गेल्या वर्षी मी अण्णाला सांगितलं. तो आता कडगंचीला मुलाजवळ असतो. विद्यापीठाच्या फाट्याजवळ मुलाचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं हा दिवसभर खुर्ची टाकून बसतो. सत्तरीला आला, कानाला यंत्र आहे. मी मुलाला चहा आणायला पाठवलं आणि सगळं सांगितलं, माळ, नेफा, चुलीत जाळली तेसुद्धा. सांगताना मी रडले नाही. मला वाटलं होतं रडू येईल, आलं नाही. अण्णानं सगळं ऐकलं. कॉलेजची पोरं येऊन कागद पुढं करत होती, त्यांना तो थांबा म्हणत होता.

"काढलीस ते काढलीस," तो म्हणाला. "लेकरू व्हतीस. पन बघितले न्हाई कामून म्हणलीस गं?"

मी म्हणाले, "भ्याले, अण्णा."

"मला वाटायचं वाऱ्यानं पडली असंल. न्हाईतर मायनं काढली असंल पूजेला. तू भिऊन खोटं बोललीस एवढं कळलं व्हतं." त्यानं पुढं आलेला एक कागद घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "अप्पा माझं कधी इचारले का गं? मागं? एकदा तरी?"

त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, आता आणखी काय दुःख द्यायचं या माणसाला. मी म्हणाले, "न्हाई अण्णा. कवाच न्हाई." त्यानं मान हलवली. चहा आला, आम्ही प्यायलो.

पण अप्पांनी विचारलं होतं. शेवटच्या महिन्यात ते माझ्याच घरी होते, माझ्याच हातानं खात होते. एका दुपारी मी त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी भरवत होते. तोंडातला घास संपवून ते म्हणाले, "सुमे, माणक्या खोटं बोलणारं पोरगं न्हवतं गं. त्यानं चिंधी बांधला असंल का? तुला म्हाईत असंल तर सांग. बांधला असंल तर बोलवून घे त्याला. मला त्याच्याशी बोलायचंय."

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, दोन लेकरांची आई. मला कुणी काही करणार नव्हतं. हैदराबादची बस आमच्या दारासमोरून जायची.

"मला काय म्हाईत, अप्पा," मी म्हणाले, आणि पुढचा घास त्यांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तो घेतला नाही.